दोन सूत

लोणावळ्याला निघायच्या आदल्या रात्री बायकोनं गाडीची डिकी तपासली. वरवर नाही, पार स्टेपनीखाली हात घालून. दोन वर्षांपूर्वी गणपतीपुळ्याला जाताना तिला तिथंच माझी करवत सापडली होती, स्वच्छ टॉवेलात गुंडाळलेली. टॉवेल तिचा होता. तेव्हापासून आमच्याकडे प्रवासाआधी ही झडती होते.

निवृत्त झाल्यावर माणसं पेटी शिकतात, ज्ञानेश्वरी लावतात, नाहीतर सोसायटीचे चेअरमन होतात. मी सुतारकाम धरलं. तीन वर्षांत माझ्या हातून एक पाट, दोन खुंट्या आणि एक स्टूल झालं. स्टूल गॅलरीत असतं आणि त्यावर कुंडी असते, कारण कुंडी डुगडुगण्याबद्दल तक्रार करत नाही. हत्यारं मात्र दृष्ट लागण्यासारखी जमली आहेत. तीन रंधे, सहा पटाश्या, दोन करवती, गुण्या, कानस, गिरमिट. ही सगळी फौज कोथरूडच्या कपाटात ठेवून मी निःशस्त्र मावळात उतरलो. बरोबर फक्त एक टेप होती, तीही रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डब्यात दडवलेली.

बंगला तुंगार्लीकडे, भाड्यानं घेतलेला. आम्ही दोघं, सासूबाई, मेहुणा, त्याची बायको आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी. आषाढाचा शेवट. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा आम्ही आलो त्या दुपारी उरकून घ्यायचा असं ठरलेलं दिसत होतं. तासाभरात मिठाचं पाणी झालं, पापड लोळायला लागले आणि वर्तमानपत्राला पोळीचा मऊपणा आला. मेहुणा बाथरूममध्ये गेला, लगेच बाहेर आला आणि म्हणाला, "दार लागत नाहीये."

त्या क्षणी बायकोच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला सांगता येणार नाही, कारण तोवर मी दारापुढे उकिडवा बसलो होतो.

"फुगलंय," मी म्हणालो. "लाकूड पाणी पितं ना, तेव्हा ते उभं वाढत नाही, आडवं फुगतं. पावसाळ्यात दाराची उंची तेवढीच राहते, रुंदी वाढते."

"माणसासारखंच," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

मी गोळ्यांच्या डब्यातून टेप काढली. बायकोनं डोळे मिटले. चौकट मापली, दार मापलं, पुन्हा चौकट मापली. "दोन सूत जास्त आहे."

"दोन सूत म्हणजे किती, काका?" भाचीनं विचारलं. अशी श्रोती मिळायला नशीब लागतं. मी तिला सांगितलं की इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. शाळेत सेंटिमीटर शिकवोत, सरकार मीटर म्हणो, सुतार अजून फूट-इंच-सुतातच बोलतो. सुतार हा शब्दच मुळी सूत्रधारावरून आला. लाकडावर सूत धरून रेघ मारणारा तो सूत्रधार. नाटकातला सूत्रधार आणि दाराला रंधा मारणारा सुतार एकाच घरचे. भाचीला हे पटलं. बाकीच्यांना बाथरूमला जायचं होतं.

"म्हणजे आता काय करायचं?" मेहुण्यानं विचारलं.

"काही नाही. रंध्याचे दहा हात मारले की झालं."

"मग मारा."

खोलीत शांतता पसरली. सगळ्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं पावसाकडे पाहिलं.

त्या रात्री प्रत्येकानं आपापली सोय लावली. सासूबाई आत गेल्या की खणखणीत आवाजात अभंग म्हणत, त्यामुळे बाहेरच्यांना टाळ्या वाजवाव्यात की लांब जावं ते कळत नसे. मेहुणा मोबाइलवर किशोरकुमार लावी. त्याच्या बायकोनं भरलेली बादली आतून दाराला टेकवायची युक्ती काढली. ती नामी होती, फक्त आंघोळ करायची तर बादली रिकामी होत जाई आणि दार हळूहळू उघडत येई.

मी स्वयंपाकघरात जाऊन किसणी उचलली. दाराचा कोपरा थोडा किसून बघावा एवढाच बेत होता. "ती खाली ठेवा," बायको पाठीमागून म्हणाली. "उद्या गाजराची कोशिंबीर करायची आहे." खरं तर हा व्यवहार उलट्या दिशेनं झालेला आहे. हल्ली मॉलमध्ये ती लांबट, धारदार, महागडी किसणी मिळते ना, मायक्रोप्लेन नावाची, ती मुळात लाकूड तासायची कानस होती. १९९४ च्या सुमारास कॅनडात लॉरेन ली नावाच्या बाईनं केक करताना वैतागून नवऱ्यानं आणलेली ती कानस उचलली आणि तिच्यावर संत्र्याची साल किसली. नवऱ्याचं हत्यारांचंच दुकान होतं, त्यानं ती कॅटलॉगात किसणी म्हणून छापली. त्या घरात बायकोनं नवऱ्याचं हत्यार नेलं तर उद्योग उभा राहिला. मला एक किसणी मिळाली नाही.

रविवारी सकाळी मी आणि मेहुणा रंध्याच्या शोधात बाहेर पडलो. आता इथं पंचांगाची गोष्ट आली. रविवारी अमावास्या होती, आषाढातली. सासूबाईंच्या दृष्टीनं दिव्याची अवस, म्हणजे घरातले सगळे दिवे घासूनपुसून मांडायचे, कणकेचे गोड दिवे करायचे आणि तिन्हीसांजेला पूजा. रस्त्यावरच्या तमाम गाड्यांच्या दृष्टीनं गटारी. श्रावणाआधीची शेवटची संधी, आणि मुंबई-पुण्यातल्या सर्वांनी ती लोणावळ्यात साधायची ठरवलेली. आम्ही बाजारात पोचेपर्यंत पाऊण तास गेला. पायी गेलो असतो तर पंचवीस मिनिटं लागली असती.

लोणावळ्याच्या बाजारात चिक्की किती प्रकारची मिळते ते मोजायची गरज नाही. शेंगदाण्याची, तिळाची, काजूची, खोबऱ्याची, गुलाबाच्या पाकळ्यांची आणि एका दुकानात या सगळ्यांची मिळून एक. पण चिक्कीच्या अकरा दुकानांमागे हार्डवेअरचं एक, असं साधारण प्रमाण पडलं. त्या एकात मुलगा मोबाइल बघत बसला होता.

"रंधा आहे का?"

"काय?"

"रंधा. लाकूड तासायचा."

त्यानं मला नीट पाहून घेतलं. "प्लॅनर? इलेक्ट्रिक आहे. सहा हजार." मग समजुतीच्या सुरात, "काका, दाराचं काम आहे का? दारच बदला ना. डब्ल्यूपीसीचं घ्या. लाकडाचा नुसता भुसा, बाकी प्लॅस्टिक, फुगायचा प्रश्नच नाही. पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवा." इथल्या बंगल्यांना लागतं ते सगळं त्याच्याकडे होतं, आवाज न करता मिटणाऱ्या बिजागऱ्या, ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची चाकं, सोनेरी मुठी. पॉलिश पेपरसुद्धा होता, पण वरच्या फळीवर, आणि शिडी बाहेर ओली होत होती.

"बरं, लाकूड कुठं मिळेल?" मी विचारलं.

"लाकूड आहे की!" त्याचा चेहरा उजळला आणि त्यानं काउंटरखालून कोळशाची पिशवी काढली. "पाच किलो. आज सगळे हेच नेतायत. बार्बेक्यूला."

वखारीसाठी जुन्या हायवेनं कामशेतकडे जा, असं एका पानवाल्यानं सांगितलं. कामशेत ही नाणे मावळ आणि पवन मावळातल्या खेड्यांची बाजारपेठ. नांगराच्या फाळापासून मुंडावळ्यांपर्यंत सगळं तिथं मिळायचं, अजूनही बरंच मिळतं. वाटेत दोन्ही बाजूंना भातलावणी उरकलेली खाचरं, आणि डोंगराच्या उतारावर साग. ऐन बहरात, शेंड्याशेंड्यावर पांढुरके तुरे.

मेहुणा म्हणाला, "एवढी झाडं आहेत. एक फांदी घेतली तर?"

तो आयटीत आहे, त्याला सगळं फुकट डाउनलोड करायची सवय. मी त्याला सांगितलं, १९६४ सालचा महाराष्ट्राचा वृक्षतोडीचा कायदा आहे. साग स्वतःच्या बांधावर, स्वतःच्या हातानं लावलेला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. तोडला तर मोजणी, वनखात्याचा हातोड्यानं मारलेला शिक्का आणि वाहतुकीचा पास. शिवाय ओलं लाकूड. ते सुकवायला इंचाच्या जाडीला एक वर्ष, असा ढोबळ हिशेब.

"म्हणजे पुढच्या आषाढात बाथरूम चालू," तो म्हणाला.

वखारीत शिरताना सागाचा वास आला. चामडं, तेल आणि जुन्या वाड्यातली माळ्यावरची ट्रंक यांच्या मधला तो वास; मला तो देवळातल्या उदबत्तीपेक्षा लवकर लागू पडतो. पत्र्याखाली ओंडके, फाळके, चौकटींचे जोते. कामगार दिसत नव्हते. मालक हिशेबाची वही घेऊन बसले होते.

"किती घनफूट?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नाही, म्हणजे... बघायचं होतं आधी."

"बघा. हा घाना, स्वस्तात पडतो. हा मलेशियन साल, चौकटीला बरा. आणि हा सीपी." शेवटचं नाव घेताना आवाज खाली आला, जसा घरंदाज स्थळाबद्दल बोलताना येतो. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, त्याचा मध्य प्रदेश झाला, मग त्यातला चंद्रपूर-बल्लारशाचा भाग महाराष्ट्रात आला, पण इंग्रजांनी दिलेला पत्ता सागानं अजून बदललेला नाही. मालकांनी एका फळीवर नखानं ओरखडा काढला, अंगठ्यानं चोळला आणि बोट माझ्या नाकापुढे धरलं. मी हुंगलं. मेहुण्यानंही हुंगलं आणि "वा" म्हणाला. त्याला सर्दी होती.

"बांधकाम कुठंय?"

आता खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाथरूमचं दार, भाड्याचा बंगला, दोन सूत. मालकांनी वही मिटली. मला वाटलं आता हाकलतात. पण गिऱ्हाईक नाही हे कळल्यावर माणूस उलट मोकळा होतो. त्यांनी चहा मागवला, आणि निघताना कोपऱ्यातल्या ढिगातून वीतभर लांब, दोन बोटं रुंद, पातळ अशी एक पट्टी उचलून माझ्या हातात ठेवली. "सीपी आहे. पैसे नको. पाचर करा, खूण म्हणून ठेवा, काय वाटेल ते करा." रंध्यासाठी त्यांनी एका सुतारबाबांच्या गावचा रस्ता सांगितला. "पण आज..." असं काहीतरी ते म्हणाले, ते पत्र्यावरच्या पावसात ऐकू आलं नाही.

ते ऐकू यायला हवं होतं. सुतारबाबा घराच्या पडवीत खाटेवर बसून टीव्ही बघत होते. सत्तरीच्या पुढचे, पांढरी टोपी, दोन्ही हातांची बोटं शिल्लक. सुताराची बोटं मी आधी मोजतो.

"बाबा, दोन तासांसाठी रंधा मिळेल का? भाडं देतो."

"आज आमुश्या," ते म्हणाले.

अमावास्येला गावचा सुतार हत्याराला हात लावत नाही. अख्ख्या लोणावळ्यानं ज्या दिवशी कशालाही हात लावायचं बाकी ठेवलं नव्हतं, त्या दिवशी माझा एकुलता एक माणूस सुट्टीवर होता.

"आन् आमुश्या नसती तरी दिला नसता. राग मानू नका, साह्यब." त्यांनी भिंतीशी ठेवलेलं गोणपाट उलगडलं. वाकस, पटाश्या, एक सामता, आणि रंधा. शिसवीचा, काळाभोर, आजोबांपासूनचा. मागच्या बाजूला, जिथं अंगठा टेकतो तिथं, लाकडात खळगा पडला होता. तिघांच्या अंगठ्यांनी मिळून पाडलेला, आतून आरशासारखा गुळगुळीत. "धरा. धरायला काय न्हाय."

मी धरला. माझा अंगठा खळग्यात बसला नाही. नुसता लहान पडला असता तर चाललं असतं. तो तिरका पडत होता. माझ्या कपाटातल्या तीन रंध्यांच्या मुठी अजून दुकानातल्यासारख्या चकचकीत आहेत, ते मला नेमकं तेव्हा आठवलं.

बाबा मग बोलत बसले. पूर्वी बाभळीचे नांगर, जू, पाभरी. सुगीला खळ्यावर जाऊन बलुत्याचं भात आणायचं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी तांदूळ आला, त्यानं मावळचं नाव झालं, पण त्याच खाचरांत पॉवर टिलर आला आणि नांगर माळ्यावर गेला. आता मुलगा बंगल्यांतून टीव्हीची कपाटं करतो. प्लायवूड कापायचं, सनमायका डकवायचा. "त्यात रंध्याचं काय काम? त्याला डिंक पायजे आन् रंग पायजे."

"उद्या येऊ का तुमच्याकडं?" निघताना ते म्हणाले.

"उद्या सकाळी आम्ही परत जातोय."

"मग सांगा. दार घासतंय कुठं?"

मी टेपेचे आकडे सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. "आकडं नगंत. खाली उंबऱ्याला घासतंय?"

"हो."

"आन् वर, कडीच्या कोपऱ्याला?"

"हो! तुम्हाला कसं..."

"बिजागरीच्या बाजूला मोकळं हाय?"

मी गप्प झालो. मोकळं होतं. चांगलं बोट जाईल एवढं.

"फुगलं न्हाय ते. लोंबलंय. वरच्या बिजागरीचं स्क्रू ढिलं झाल्यात. भोकात आगकाड्या घाला, स्क्रू पिळा. रंधा मारला आसता तर पार वाटोळं केलं आसतं."

परतताना गाडीत मेहुणा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊजी, लाकूड आडवं फुगतं ना?" मी काच खाली केली.

बायका कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला रिक्षानं आल्या होत्या, सासूबाई पायथ्याशी चहाच्या टपरीत. म्हणून आम्हीही पायऱ्या चढलो. दर्शनाची रांग लांब, तेव्हा मी शेजारच्या लेण्यात शिरलो. भारतातलं हे सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह. वर पाहिलं आणि मान तशीच राहिली. दगडी छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा साग, दोन हजार पावसाळे खाल्लेला. गंमत म्हणजे त्यांचं छताला काही काम नाही. डोंगर स्वतःच उभा आहे, त्याला लाकडाचा टेकू कशाला? पण त्याआधी बांधत असत ती लाकडी सभागृहं, आणि कारागिरांचा हात त्याच वळणाचा. सवय जाता जात नाही.

आणि दाराशी ब्राह्मीत एक लेख आहे. धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं या लेण्याचं दार केलं. पुढे धंदा दिलाय: वढकी. म्हणजे सुतार, हिंदीतला बढई तो हाच. दगडाचं दार, आणि करणारा सुतार! पंडित काही म्हणोत, मला कारण लख्ख दिसलं. दर आषाढात मावळातली लोकं "दार लागत नाही हो" म्हणत या माणसाच्या दारात येत असणार. शेवटी वैतागून त्यानं दगडाचं करून टाकलं आणि खाली नाव घातलं.

मी हे बायकोला सांगितलं. ती लेखाकडे बघून म्हणाली, "त्याच्या बायकोनं हत्यारं नेऊ दिली होती बहुतेक." ही तिची माफी होती असं मी धरून चालतो.

बंगल्यावर आल्यावर केअरटेकरच्या मोटारसायकलच्या सीटखालून स्क्रू ड्रायव्हर मिळाला. आता आगकाड्या. गॅसला लायटर, मेहुण्याच्या सिगारेटला लायटर, डासांच्या यंत्राला वीज. सहा माणसांत काडेपेटी होती एकीकडे, सासूबाईंच्या पूजेच्या बटव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

"किती हव्यात?" त्यांनी मुठीत धरूनच विचारलं.

"सहा-सात."

"संध्याकाळी दिवे लावायचेत, जावईबापू. मोजून घ्या."

तीन स्क्रू, प्रत्येक भोकात तीन काड्या, म्हणजे नऊ. मी त्यांचे गुल मोडून खिडकीत ठेवले आणि काड्या भोकांत ठासल्या. आगकाडीला महारुखाचं मऊ लाकूड वापरतात. स्क्रू शिरताना ते चिरडून दाबलं जातं आणि गच्च धरतं. पिळताना हाताला कळत होतं, आधी पोकळ, मग कुरकुर, मग घट्ट. बिजागरी चौकटीला टेकली. दार दोन सूत वर उचललं गेलं, आणि बोटाच्या टोकानं ढकललं तर खट्ट करून लागलं. घरात टाळ्या पडल्या. "जन्मभर काड्या घातल्या," बायको म्हणाली, "आज पहिल्यांदा योग्य ठिकाणी." सासूबाई आत गेल्या आणि प्रथमच अभंगाशिवाय बाहेर आल्या.

तिन्हीसांजेला त्यांनी चौरंग मांडला. समया, निरांजनं, कणकेचे दिवे, आघाडा-दूर्वा. तेवढ्यात वीज गेली. लोणावळ्यात पावसात ती जातेच. अंधारात काडेपेटीचा आवाज आला. फस्स. पुन्हा फस्स. उरलेल्या चारही काड्या सादळलेल्या. लायटर म्हणजे नुसती ठिणगी, मेहुण्याचा खिशात भिजलेला. "दारातल्या नऊ कोरड्या होत्या," भाची म्हणाली. मी गुल शोधायला खिडकीकडे वळलो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून गॅस पेटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तो वास. चामडं, तेल, माळ्यावरची ट्रंक. सासूबाई हातात वीतभर पेटती पट्टी धरून, दुसऱ्या हाताचा आडोसा करत सावकाश बाहेर आल्या आणि एकेक दिवा लावत गेल्या. समई, निरांजन, कणकेचे दिवे. पट्टी शेवटच्या दिव्यापर्यंत पुरली.

"छान जळतं हो हे, धूरसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "कुठून आणलंत? पुण्याला जाताना थोडं घेऊन जाऊ."